बॉयलरच्या कपाळावरचं कुंकू

माणूस गेला की त्याच्यामागे घर गार पडतं. तुझ्या शोकसभेत हे वाक्य तीन जणांनी म्हटलं, मध्या, आणि म्हणताना तिघांनीही डोळे मिटले होते. मी पहिल्या रांगेत शैलावहिनींच्या शेजारी बसलो होतो. आपल्या घराचा वरचा मजला तू धडधाकट असतानाही गारच होता, हे त्या हॉलमध्ये फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

सर्वांत शेवटी इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बोलले. कागदावर लिहून आणलं होतं. "मधुकरराव म्हणजे आपल्या सर्वांच्या आयुष्यातली ऊब," असं ते म्हणाले तेव्हा वहिनी माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "जानेवारीत या म्हणावं एकदा वर." मला हसू आलं. ते दाबताना जो आवाज झाला तो मागच्या रांगेला हुंदका वाटला आणि कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली मला मग खरंच रडू आलं. नेमकं कशाचं, ते मला अजून कळलेलं नाही. तू गेल्यापासून बरंच काही कळेनासं झालंय.

मंडळाने स्मरणिकेसाठी चार शब्द मागितले होते. त्यांना हवे तसे चार शब्द मी पाठवले. हे उरलेले आहेत आणि ते तुलाच सांगायचे आहेत, कारण यातल्या निम्म्या गोष्टींची उत्तरं फक्त तुझ्यापाशी होती.

तुला आठवत असेल, तुझ्या ऑफिसातले सगळे तेव्हा उत्तरेकडच्या ट्रॉय उपनगरात नवी घरं घेत होते. तीन गाड्यांचं गॅरेज, बाहेर खोटे खांब. तू मात्र मला शनिवारी गाडीत घालून दक्षिणेकडे नेलंस आणि एका जुन्या विटांच्या घरासमोर उभं केलंस. दोन कुटुंबांसाठी बांधलेलं घर, एक बिऱ्हाड खाली, एक वर, आणि तळघरात दोघांचा मिळून एक बॉयलर. मी सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीला, लग्न न केलेला, आणि एकट्याने घर घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. तू आत शिरलास ते थेट भिंतीलगतच्या ओतीव लोखंडाच्या रेडिएटरपाशी गेलास आणि म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा त्यावर हात ठेवलास.

"फोर्स्ड एअर म्हणजे घरभर हेअर ड्रायर लावून बसणं," तू म्हणालास. "हे बघ. नुसतं गरम पाणी फिरतं. आवाज नाही, धूळ नाही. ही खरी हीटिंग."

तुझी डॉक्टरेट उष्णतेच्या वहनातली. मी काय बोलणार. आपण दोघा मित्रांच्या नावावर घर घेतलं. मी खाली राहिलो, कारण माझी पुस्तकं जड होती. तू आणि वहिनी वर राहायला गेलात.

पहिला एखादा हिवाळा सोडला तर वरचा मजला कधीच धड तापला नाही. पुढच्या खोलीतले रेडिएटर खालून कोमट आणि वरून गार. मागची खोली, जिथे तुमची रेवा अभ्यास करायची, तिथला तर पूर्ण थंड. माझ्याकडे खाली मी डिसेंबरात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसायचो आणि वहिनी दोन स्वेटर, शाल आणि लोकरीचे मोजे घालून जिन्यावरून यायच्या. रेवाला लहानपणी वाटायचं की काका खाली राहतात ते वेगळ्या राज्यात.

"डॉक्टर," मी तुला म्हणायचो, "शाळेत शिकवलं होतं की उष्णता वर जाते. तुमच्या विद्यापीठात काय शिकवतात?"

"गरम हवा वर जाते. उष्णता कुठेही जाते."

"मग तुझ्याकडे का येत नाही?"

"एअर आहे," तू म्हणायचास. "पाइपमध्ये हवा अडकते. काढली की झालं."

हवा काढायचा तुझा दिवस ठरलेला होता. खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू सगळी हत्यारं तळघरात पाटावर मांडायचास: पाने, ड्रिल, करवत, गवत कापायच्या यंत्राचं पातं, आणि मधोमध ती रेडिएटरची इवलीशी पितळी किल्ली. परसातला झेंडू. मी देवधर्म न मानणारा माणूस, पण पेढ्यासाठी यायचो. हत्यारांना हळदकुंकू वाहून झालं की तू बॉयलरकडे वळायचास. पहिल्या वर्षी त्याला कुंकू कुठे लावायचं असा प्रश्न पडला होता. तू त्याच्याभोवती फिरलास आणि पुढच्या अंगाला जो गोल काचेचा गेज आहे त्यावर बोट टेकवलंस.

"अहो, तिथे नको. काच आहे ती," वहिनी म्हणाल्या.

"हेच त्याचं कपाळ."

"त्यावर आकडे आहेत ना?"

"मग काय चिमणीला लावू?"

गेजवर कुंकू लागलं. शेजारच्या पाण्याच्या नळाच्या मुठीला तू पूजेचा लाल-पिवळा दोरा बांधलास. मग फुलपात्र आणि पितळी किल्ली घेऊन वर जायचं, एकेका रेडिएटरच्या कडेचा बारीक स्क्रू उघडायचा, आणि फुस्स असा आवाज आला की तू मान हलवायचास. "गेली." आम्ही सगळे मान हलवायचो. पुढच्या वर्षी कुंकवावर कुंकू. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. शेवटी शेवटी त्या काचेवर चांगला खरपुडीसारखा थर झाला होता आणि वरचा मजला होता तसाच होता. इतक्या वर्षांत मी तुझ्या भक्तीची खूप टिंगल केली, पण तुझ्या विज्ञानाबद्दल चुकूनही शंका घेतली नाही. संशयी म्हणवणाऱ्या माणसाने नेमका चुकीच्या जागी संशय घेतला, असं आता वाटतं. की बरोबर जागीच घेतला? हेही ठरत नाही.

तू सप्टेंबरमध्ये गेलास. ऑक्टोबर उजाडला तसं रेवाचे फोन सुरू झाले. ती दूर दक्षिणेत मॉरिसव्हिलला, दातांची डॉक्टर, दोन मुलं, तिथे बर्फ पडला तरी दुपारपर्यंत विरघळतो. ती मला व्हिडिओवर म्हणाली, "काका, प्लीज टॉक टू हर. शी कान्ट डू अनदर विंटर अप देअर. नॉट अलोन."

"अलोन कुठे? मी आहे ना खाली."

"यू नो व्हॉट आय मीन. बाबा होते तेव्हा ठीक होतं. इट्स फ्रीझिंग, काका. मी थँक्सगिव्हिंगला येते आणि तिला घेऊन जाते. मग आपण घराचं बघू."

घराचं बघू म्हणजे विकू. घर दोन नावांवर आहे आणि अर्धं घर कुणी घेत नाही. वहिनी गेल्या की मी एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये जाणार आणि पुस्तकं कुठे जाणार कोण जाणे. पण खरं सांगू का, मला पुस्तकांची एवढी धास्ती नव्हती. सकाळी वरून पावलांचा आवाज येतो, मग पाणी वाहतं, मग मिक्सर लागतो. तू गेल्यावरही तो येत होता. तो थांबेल याची मला भीती वाटत होती. हे मी रेवाला सांगितलं नाही. वहिनींना तर नाहीच. रेवा चुकीचं काहीच म्हणत नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या बाईने आपल्याच घरात कानटोपी घालून का जेवावं?

वहिनींनी बॅगा काढल्या होत्या. उघड्याच, पलंगावर. रोज दोन साड्या आत जायच्या आणि एक बाहेर यायची.

खंडेनवमीला मी वर गेलो. काय करावं ते कळत नव्हतं. "या वर्षी सण नाही," वहिनी म्हणाल्या. "वर्ष व्हायचंय अजून." तरी थोड्या वेळाने आम्ही दोघं तळघरात उतरलो. तिथे तुझे पाने भिंतीवर आकारानुसार टांगलेले. बॉयलर गुरगुरत होता. वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, मग कोपऱ्यातलं फडकं सिंकखाली ओलं करून आल्या.

"पूजा करायची नाही तर जुनं कशाला ठेवायचं," त्या म्हणाल्या आणि काच पुसू लागल्या. फडकं लाल झालं. पुन्हा धुतलं, पुन्हा पुसलं. मी बघत राहिलो. त्यांनी स्वतःची टिकली काढलेली नाही, हे तुला कळायला हवं. शोकसभेला दोन बायकांनी त्या टिकलीकडे बघितलं होतं आणि वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं होतं, विषय संपला. "माझी मी काढणार नाही," त्या काच घासता घासता म्हणाल्या, "पण ह्याने माझं काय केलंय की मी ह्याची राखू?"

थर निघाला. खाली आकडे होते, वहिनींनी पहिल्या वर्षी सांगितलं होतं तसेच. काटा आठावर.

आठ म्हणजे काय, हे आम्हाला माहीत नव्हतं. वहिनींनी रेवाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गेजसमोर धरला.

"आई, मूव्ह युवर थंब. ओके. आठ काय, पीएसआय? पाण्याचं प्रेशर?" ती पलीकडे काहीतरी टाइप करत होती. मग वाचू लागली. "फॉर अ टू-स्टोरी हाउस, ॲट लीस्ट ट्वेल्व्ह. बिलो दॅट द वॉटर डझन्ट प्रॉपरली रीच द अपर फ्लोअर." ती थांबली. "आणि ब्लीड केलं, म्हणजे हवा काढली, की प्रेशर अजून कमी होतं. यू हॅव टू ॲड वॉटर. आई, बाबा पाणी ॲड करायचे ना?"

आम्ही दोघांनी तुझ्या दोऱ्याकडे बघितलं. बॉयलरमध्ये पाणी सोडायचा तो नळ बंद होता आणि मुठीला दोरा गुंडाळलेला होता.

"काका? ही हॅड अ पीएचडी इन धिस," रेवा म्हणाली. "लिटरली इन धिस."

रेवाने वाचलेल्या पानावर आणखी एक गोष्ट होती, ती तर तू असतास तर मी तुझ्या तोंडावर वाचून दाखवली असती. प्रेशर कमी असताना वरचा स्क्रू उघडला तर हवा बाहेर येण्याऐवजी आत ओढली जाऊ शकते. म्हणजे मध्या, दर खंडेनवमीला तो जो फुस्स आवाज व्हायचा आणि आपण सगळे मान हलवायचो, त्यात हवा नेमकी कुठल्या दिशेने जात होती, हे कुणी विचारलंच नाही. आवाज झाला, एवढ्यावर आपलं समाधान होतं. मंडळाच्या सभांचंही तेच असतं म्हणा.

वहिनींनी दोरा कापू दिला नाही. "पूजेचा आहे, सोडा." मी सोडायला घेतला. वरचे वेढे निघाले, पण आत गाठ होती, आणि तिच्याखाली दुसरी. पूजेचा दोरा कुणी इतका घट्ट बांधत नाही. माझी नखं दुखली. वहिनींनी हेअरपिन दिली. तिथे माझ्या मनात काहीतरी खुटखुटलं, पण मला वाटलं, तुझा स्वभावच तसा, तू भेटवस्तूही अशा बांधायचास की उघडणाऱ्याने वाढदिवस विसरावा.

बॉयलर बंद करून निवू दिला. मग मी नळ थोडासा उघडला. पाइपात पाणी शिरल्याचा आवाज आला, लांबून कुणी शीळ घालावी तसा. काटा हलला. दहा. बारा. चौदाला मी घाबरून बंद केला. वर जाऊन मागच्या खोलीचा स्क्रू उघडला तेव्हा हवा अशी आली की वहिनींच्या हातातलं फुलपात्र थरथरलं. बराच वेळ आली. तिला जुन्या लोखंडाचा वास होता. मग काळं पाणी थुंकल्यासारखं उडालं आणि शेवटी धार लागली. प्रत्येक खोलीत तेच. पुन्हा खाली, थोडं पाणी, बॉयलर सुरू.

संध्याकाळी वहिनींनी रेवाच्या खोलीतल्या रेडिएटरवर हात ठेवला आणि लगेच काढला, पुन्हा ठेवला. पलंगावर बसून त्यांनी वरचा स्वेटर काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला. मी जायला निघालो तर म्हणाल्या, "थांबा भाऊजी, चहा टाकते." चहा होईपर्यंत त्यांनी दुसराही काढला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या खोलीत हिवाळ्यात नुसत्या साडीत पाहिलं नव्हतं. मला एकदम तुझा राग आला. साधा, स्वच्छ राग. काच पुसायची आणि नळ उघडायचा, बस. उष्णतेचा डॉक्टर.

तो राग मला फार दिवस पुरला असता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बेडरूममध्ये खिडकीखालच्या फरशीवर ओल दिसली. रेडिएटरच्या व्हॉल्व्हच्या दांड्यापासून थेंब पडत होते. खाली पुस्तकांची रांग, जमिनीवर, कारण शेल्फं केव्हाच भरली आहेत. खालच्या ओळीतल्या दोन पुस्तकांचे कोपरे फुगले होते.

मी बादली ठेवली आणि तिथेच स्टुलावर बसलो. हे मी आधी पाहिलेलं होतं. आपण राहायला आलो त्याच पहिल्या हिवाळ्यात हाच व्हॉल्व्ह गळला होता. तेव्हा खोकी अजून उघडायची होती आणि माझ्या वडिलांनी नागपूरहून पाठवलेली पुस्तकं भिजली होती. मी काही बोललो नव्हतो, पण ती एकेक पंख्यासमोर उघडून वाळवताना तू बघितलं होतंस. "बघतो," म्हणून तू तळघरात गेलास. थोड्या वेळाने थेंब थांबले. तू वर येऊन हात पुसलेस आणि म्हणालास, "झालं. आता नाही गळणार."

मला वाटलं होतं तू व्हॉल्व्ह दुरुस्त केलास. तू त्याला हातही लावला नव्हतास, मध्या. तू खाली जाऊन प्रेशर उतरवलंस. नळ बंद केलास. आणि पुढच्या खंडेनवमीला त्याच्यावर दोन गाठी मारून वर पूजेचे वेढे दिलेस, म्हणजे कुणी उघडणार नाही.

की तसं नाहीच? मी त्या स्टुलावर बसून किती वेळ हे उलटसुलट केलं. तू आळशी होतास, हेही खरं. तात्पुरता इलाज करायचा आणि 'नंतर बघू' म्हणायचं, ही तुझी पद्धत. गॅरेजच्या दाराला अजून तुझी दोरी बांधलेली आहे. कदाचित तू प्रेशर उतरवलंस, पुढच्या आठवड्यात व्हॉल्व्ह दुरुस्त करायचं ठरवलंस, आणि विसरलास. मग काचेवर कुंकू चढलं आणि तुलाही खरंच वाटू लागलं की एअर आहे. माणूस स्वतःलाच सांगितलेली गोष्ट सगळ्यात आधी खरी मानतो. पण मग या ऑगस्टमध्ये, मागच्या पायरीवर टोमॅटोची टोपली घेऊन बसला असताना, तू मला मध्येच का म्हणालास, "तुझ्या खोलीतला तो व्हॉल्व्ह एकदा बघायला हवा"? मी म्हटलं, "कशाला? चांगला चाललाय." तू माझ्याकडे बघितलंस, काहीतरी बोलणार होतास, आणि मग टोमॅटोवर कसली कीड पडलीय ते सांगू लागलास. मी कीड ऐकून घेतली. मला तिचं नावही आठवतंय.

ही त्यागाची गोष्ट आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यागाच्या गोष्टींचा मला संशय येतो. त्यात त्याग करणारा एक असतो आणि गारठणारी दुसरीच कुणीतरी असते. तू ऑफिसात दहा तास उबेत असायचास. माझी पुस्तकं कोरडी राहावीत म्हणून तू तुझ्या बायकोला कानटोपी घातलीस, असं असेल तर मी तुझे आभार मानू की वहिनींच्या वतीने तुझी कॉलर धरू? दोन्ही करता आलं असतं तर बरं झालं असतं. तू दोन्हीला जागा ठेवली नाहीस.

आणि वहिनींना सांगायचं की नाही? हे तर त्याहून अवघड होतं. सांगितलं तर कदाचित त्या बॅग भरून रेवाकडे जातील, आणि तसं केलं तर कुणी त्यांना नावं ठेवणार नाही. न सांगता बॉयलरखालचा पाणी काढायचा नळ उघडून थोडं पाणी सोडून दिलं, काटा दहावर आणला, तर माझी पुस्तकंही वाचली असती आणि वरही थोडीफार ऊब राहिली असती. म्हणजे तू केलंस तेच. मी तळघरात त्या नळावर हात ठेवून उभा होतो तेव्हा हे माझ्या लक्षात आलं, आणि मी हात काढून घेतला आणि खोलीत परत आलो.

ठरवायची वेळ आलीच नाही. वहिनी डबा घेऊन खाली आल्या, उपम्याचा, आणि दार उघडंच होतं. त्यांनी बादली बघितली. व्हॉल्व्ह बघितला. फुगलेली पुस्तकं बघितली. त्या इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहिल्या आहेत, त्यांना फार सांगावं लागलं नाही. मी पहिल्या हिवाळ्याचं अर्धं वाक्य बोललो तोवर त्यांनी डबा टेबलावर ठेवला होता.

"म्हणजे मी इतकी वर्षं मोजे घालून झोपले ते ह्यांच्यासाठी," त्या पुस्तकांकडे बोट करून म्हणाल्या.

"असं दिसतंय. नक्की नाही सांगता येत."

"ह्यांना विचारावं तर हे गेले." त्या खुर्चीवर बसल्या. "वाचलीत का तरी सगळी?"

"निम्मी," मी म्हटलं.

"निम्मी," त्या म्हणाल्या. मग त्या हसल्या, मध्या, अशा की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी उठून चमचे आणले. आम्ही उपमा खाल्ला. गार झाला होता.

"मला म्हणाले असते तर मी नाही म्हटलं नसतं," जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या. "भांडले असते. पण नाही म्हटलं नसतं. विचारायला काय झालं होतं?" त्यांच्या आवाजात राग होता. तो योग्य होता, आणि तो ऐकायला तू तिथे हवा होतास. मी ऐकून घेतला, तुझ्या जागी. पुढचं तुझं तू बघ.

त्या दिवशी आम्ही पुस्तकं पुढच्या खोलीत हलवली. वहिनी पाच-पाच उचलत होत्या आणि दर खेपेला विचारत होत्या, "हे वाचलंय?" प्लंबर थँक्सगिव्हिंगआधी मिळेना, तेव्हा बादली तिथेच राहिली आणि काटा चौदावरच. मी रोज सकाळी बादली ओतायचो. वरून पावलं, पाणी, मिक्सर.

नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, रेवा आली ती जाडजूड कोट, मफलर, हातमोजे अशा तयारीने. जिना चढून वर गेली आणि मी खालून ऐकलं: "आई, व्हाय इज द विंडो ओपन?"

"उकडतंय."

"इट्स स्नोइंग."

"बाहेर. आत नाही."

मी वर गेलो तेव्हा ती तिच्या जुन्या खोलीत रेडिएटरला पाठ लावून जमिनीवर बसली होती, कोट शेजारी टाकलेला. "मी इथे मिटन्स घालून कॅल्क्युलस केलं, काका," ती म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, निश्चित काय आणि अनिश्चित काय ते वेगळं करून. तिने डोळे पुसले. "सो व्हॉट वॉज इट? डिड ही नो ऑर नॉट?"

"मला माहीत नाही, बाळा."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"सोमवारी एक वाटतं, मंगळवारी दुसरं."

बॅगांबद्दल तिने जेवताना विचारलं. वहिनी तिला वाढत होत्या. "मार्चमध्ये येते, मुलांना सुट्टी असेल तेव्हा. दोन आठवडे."

"आणि मग?"

"मग परत. इतकी वर्षं गारठून काढली, आता तापलंय तर सोडून जाऊ?"

"यू आर इम्पॉसिबल," रेवा म्हणाली आणि ताट पुढे केलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी कोशिंबिरीकडे बघत होतो.

हे सगळं तुला सांगायचं होतं. मित्राने आपल्यासाठी काय केलं हे तो गेल्यावर कळावं आणि तेही धड कळू नये, यापेक्षा तू भांडून गेला असतास तर बरं. तुझे उपकार की तुझा विसराळूपणा, कशाशी बांधून घेऊ ते ठरत नाही, म्हणून दोन्ही घेऊन फिरतो. मी तुला आयुष्यभर देवभोळा शास्त्रज्ञ म्हणालो आणि तू मला पुस्तकी किडा म्हणालास, आणि त्या सगळ्या काळात माझ्या खिडकीखालची जमीन कोरडी होती. तुझ्यामुळे होती. तुझ्या बायकोच्या जिवावर होती. एवढं मोठं देणं माणसाने कोणत्या शब्दांत मानावं, ते मी वाचलेल्या निम्म्या पुस्तकांत तरी सापडलं नाही.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी प्लंबर आला. त्याने पान्याने व्हॉल्व्हचा नट अर्धा फेरा आवळला. गळती थांबली.